मदत हवी आहे: रिकर्व्ह धनुष्याचं टोक पीळ खातंय, आणि नाशकात धामणीचं लाकूड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला गच्चीवर हौसेखातर लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली) धनुष्यं बनवतो. सध्याचं 62 इंची आहे. मूठ सागाची, पात्यांना (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांना) बांबूच्या पट्ट्या आणि वरून फायबरग्लास, सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं. दोरी 28 इंच ओढली की 35 पौंड जोर लागतो.

अडचण वरच्या पात्याची. दोरी चढवली की टोकाच्या बाकावर ती मधोमध न बसता डाव्या अंगाला सरकते. मुठीमागून नजर लावली तर टोक पीळ खाल्लेलं स्पष्ट दिसतं. खालचं पातं मात्र सुतासारखं सरळ. ताठ असलेल्या बाजूची कड हळूहळू घासून पीळ काढावा, की आधी दोरीची खाच एका बाजूने खोल करून पाहावी? कड घासली की हा जोर उतरणार, म्हणून हात धजावत नाही. हेअर ड्रायरने शेकून उलटा पीळ द्यायचा सल्लाही मिळालाय, पण धग लागून इपॉक्सी सैल पडलं तर ओढताना पातं तोंडावर यायचं!

दुसरं, पुढचं धनुष्य अखंड धामणीचं करायचंय. वखारीत विचारलं की साग नाहीतर बाभूळ पुढे करतात. पेठ-सुरगाण्याकडे सरळ रेषेची, गाठ नसलेली, सावलीत वाळवलेली धामण रीतसर विकत मिळेल का? तिकडे कुणी जुने जाणते कारागीर माहीत असतील तर प्लीज मेसेज करा. अंबड-सातपूरला एकाच दिशेच्या धाग्यांचा फायबरग्लास किरकोळीत कोण देतं, तेही सांगा. विणलेलं कापड नको, ते आहे माझ्याकडे ढीगभर.