वर्गणी भरूनही तिऱ्हाईत कुकीज कशासाठी?

राजारामपुरीचा वाचक
एका दैनिकाच्या डिजिटल आवृत्तीची वार्षिक वर्गणी मी दिवाळीत भरली. पैसे भरले म्हणजे जाहिरातींचा ससेमिरा सुटेल, अशी माझी समजूत होती. वडिलांचे गुडघे दुखू लागल्यामुळे मागच्या आठवड्यात तिथे सांधेरोपणावरचा एक लेख वाचला. त्याच रात्री पत्नी त्याच लॅपटॉपवर तांबड्या रश्श्याची कृती पाहत असताना पानाच्या कडेला गुडघ्याचे पट्टे आणि तेलाच्या बाटल्या हजर! वैतागून मी क्रोममध्ये तिऱ्हाईत कुकीज (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या छोट्या नोंदी, पण दैनिकाच्या नव्हे, इतर कंपन्यांच्या) बंद केल्या, तर आता दैनिकच मला ओळखत नाही आणि प्रत्येक लेखापाशी लॉग-इन मागते. यावर उपाय काय?

शाहूपुरी ४थी गल्ली
आपण पैसे भरले ते लेखापुढचे कुलूप काढण्यासाठी. जाहिरातींचा व्यवहार बहुतेक ठिकाणी त्यापासून वेगळाच चालतो. मजकूर दैनिकाच्या सर्व्हरवरून येतो, परंतु जाहिरातींच्या चौकटी आणि वाचकांची मोजदाद करणारे अदृश्य कोड इतर कंपन्यांकडून येतात, आणि त्यांपैकी एखादी कंपनी रश्श्याच्या पानावरही बसलेली असली, की तिला स्वतःच्या कुकीवरून तोच ब्राउझर ओळखता येतो. तिला आपले नाव ठाऊक असण्याची गरजही नसते. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली यांनी कुकी तयार केली, तेव्हा खरेदीच्या टोपलीतल्या वस्तू लक्षात राहाव्यात एवढाच माफक विचार त्यामागे होता.

लॉग-इनची कुकी दैनिकाची स्वतःची असती तर काही अडले नसते. आपली ओळख पटवण्याचे काम बहुधा दुसऱ्या डोमेनवर (वेगळ्या संकेतस्थळ-पत्त्यावर) सोपवलेले असावे. क्रोममध्ये त्या दैनिकाला अपवाद म्हणून परवानगी देता येते, मात्र त्या पानावरच्या जाहिरातवाल्यांनाही मग तीच वाट मोकळी होते. त्यापेक्षा दैनिक फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये वाचावे. २०२२ पासून तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या ठेवतो, त्यामुळे लॉग-इन सहसा टिकते आणि गुडघे रश्श्यापर्यंत पोहोचत नाहीत. गूगलने २०२० मध्ये तिऱ्हाईत कुकीज क्रोममधून हटवण्याचे जाहीर केले होते. २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

गंगावेशीतला जुना सभासद
वरील उपाय योग्यच आहे, तथापि माझी हरकत कुकीजच्या पलीकडची आहे. करवीर नगर वाचन मंदिरात बसून मी वर्तमानपत्र वाचतो, तेव्हा कोणते पान उलटले याची नोंद कोणी ठेवत नाही. वर्गणीदार मात्र मोबाइल क्रमांक देऊन आत शिरतो, त्यामुळे त्याने कोणता लेख उघडला आणि कुठवर वाचला हे दैनिकाला थेट त्याच्या खात्यावर नोंदवता येते, आणि त्यासाठी तिऱ्हाईत कुकी लागतच नाही. म्हणजे फुकट्या वाचकापेक्षा पैसे भरणाराच अधिक ओळखीचा! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त आणि विशिष्ट हेतूपुरती असायला हवी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे हवे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वैयक्तिक शिफारशी’ बंद करता येतात का, ते पाहावे.

राजारामपुरीचा वाचक
फायरफॉक्समध्ये दोन दिवस लॉग-इन टिकले आहे. शिफारशींचे बटण चार पडदे ओलांडल्यावर सापडले. संमतीचे मात्र पहिल्याच पडद्यावर, ठळक हिरवे होते.