मदत हवी आहे: घोटा मुरगळून 6 आठवडे झाले, सूज जात नाही

आईचा (वय 58) जिन्यावरून उतरताना उजवा पाय आत वळून घोटा मुरगळला, एक्सरेत फ्रॅक्चर नाही, डॉक्टर म्हणाले बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय, ग्रेड 2. 3 आठवडे ब्रेस लावला, बर्फ झाला, पाय उशीवर ठेवून झोपते, आता रबर बँडचे व्यायामही चालू आहेत. सकाळी बरी असते पण संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर खोल उमटलेला दिसतो, आणि खडबडीत रस्त्यावर पाय लचकतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते. शुगर आहे, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं म्हणून पेनकिलर बंद. मालिश कुणी सुचवू नका प्लीज, एकदा केली तर सूज वाढली. असं कुणाला झालं असेल तर एमआरआय लगेच केला का, की आधी फिजिओ आणि एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम पूर्ण केले, आणि लचकणं किती दिवसांनी थांबलं?