पेस्ट कंट्रोलमधे रत्नागिरी साईडला नोकरी, घ्यावी का?

लांजेकर_पोरगा: नमस्कार मंडळी. बीएस्सी केमिस्ट्री होऊन दोन वर्षं झाली, आई घरी एकटी म्हणून मुंबईला जायचं नाहीये. रत्नागिरीत एका पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलं तर म्हणाला हेल्पर म्हणून ये, १२ हजार देतो, पेट्रोल वेगळं, पण डिग्रीचं ओरिजिनल ऑफिसात जमा करायचं. असं असतं का सगळीकडे? आणि यात पुढे काही आहे की जन्मभर पाठीवर पंप? काका म्हणतात झुरळं मारायला बीएस्सी केलंस काय.

फवारणीवाला: ओरिजिनल अजिबात देऊ नको!! त्याला तुझ्यापेक्षा तुझी डिग्री हवीय. पेस्ट कंट्रोलचं लायसन्स कृषी खात्याकडून मिळतं, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, आणि त्याला ॲग्रीचा नाहीतर केमिस्ट्री विषय असलेला सायन्सचा ग्रॅज्युएट लागतो, वर किमान १५ दिवसांचं ट्रेनिंग, ते म्हैसूरचं सीएफटीआरआय (अन्न संशोधन संस्था), हैदराबाद किंवा हापूर (हापूस नव्हे, यूपीतलं गाव आहे) इथे. म्हणजे तू कागदावर टेक्निकल माणूस आणि प्रत्यक्षात हेल्पर, पगार हेल्परचा. त्याला सांग, मला ट्रेनिंगला पाठवा, खर्च तुम्ही करा, मग दोन वर्षं राहतो. नाही म्हणाला तर समजायचं ते समज.

चिरेबंदी: नऊ वर्षं टेक्निशियन आहे, बारावी. आपल्याकडे खरं काम वाळवीचं. भिंत आणि लादीच्या सांध्यात फूटफूट अंतरावर १२ एमएमची भोकं पाडायची, औषध सोडायचं, व्हाइट सिमेंटने बुजवायची. ऐकायला सोपं वाटतं पण जुन्या घरात जांभा चिरा असतो तो औषध पितच राहतो, लिटरचा हिशोब चुकतो आणि मालक डोक्यावर उभा, एवढं कसं लागलं म्हणून. विहीर घराला लागून असेल तर मी सरळ नाही म्हणतो, शेठ कितीही ओरडू दे. पहिल्या दिवशी एकच बघ, ग्लोव्ज-मास्क देतात की रुमाल बांध म्हणतात. रुमालवाला असेल तर तिथूनच घरी ये. मी सुरुवातीला रुमालावर काढलीत दोन वर्षं, संध्याकाळी डोकं इतकं जड व्हायचं की जेवण जायचं नाही.

कुडाळचो_झील: माका इचारशीत तर एजन्सीच्या मागे कित्याक लागतंस. काजूचे कारखाने बघ, मच्छी प्रोसेसिंगवाले बघ. खाण्याच्या कारखान्याला फूड लायसन्समुळे पेस्ट कंट्रोल करावंच लागतं, ऑडिटवाला आला की पहिलं रजिस्टर मागतो, कुठल्या तारखेला काय मारलं, उंदराचे सापळे कुठे लावलेत त्याचा नकाशा. हे सांभाळायला क्वालिटीत केमिस्ट्रीवाला घेतात, आमच्याकडे दोघे आहेत. पाठीवर पंप नाही. धुरी देण्याचं, म्हणजे बंद जागेत गॅस सोडून कीड मारायचं काम मात्र शिकल्याशिवाय हातात घेऊ नको, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला नुसती हवेतली ओल लागली तरी फॉस्फिन हा विषारी गॅस सुटतो, आणि आपल्या पावसाळ्यात ओल कमी आहे काय.

फवारणीवाला: +१. उरणला न्हावा-शेवा बंदरातल्या कंटेनरमधे धुरीचीच कामं जास्त असतात, पगारही बरा, पण तुला घर सोडायचं नाही म्हणतोस.

लांजेकर_पोरगा: खूप आभार सगळ्यांचे. काल त्याला म्हटलं झेरॉक्स देतो आणि ट्रेनिंगचं काय, तेव्हापासून फोन उचलत नाहीये. कुडाळवाले दादा, कारखान्यात कोणाला भेटायचं ते जरा व्यनि (खाजगी निरोप) करा ना, सोमवारी येतो.