जुनी जीप: स्वतः उभी करायची की गॅरेजला द्यायची?

ताम्हिणीकर: मामांची १९७२ ची महिंद्रा सीजे-३बी मुळशीला गोठ्यात पडून आहे. चासी शाबूत, टबचा, म्हणजे पत्र्याच्या बॉडीचा, तळ सडलाय, इंजिन जाम. एक गॅरेजवाला म्हणतो, चावी द्या आणि सहा महिन्यांनी चालवत न्या. माझं मत ठाम आहे: पाना-पक्कड घेऊन उघडता येईल अशी हीच शेवटची गाडी, ती दुसऱ्याकडून उघडून घेण्यात काय मजा? कोणाला विरोध करायचाय?

नटबोल्ट: मला. सिलिंडरचं बोअरिंग करायला आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) घासायला तुम्ही लेथवाल्याकडेच जाणार. वेल्डिंगही दुसराच करणार. मग 'स्वतः' म्हणजे गंजलेले बोल्ट काढणं एवढंच ना? आणि पुढचा ॲक्सल उघडून बघा. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंग कॅपखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, किती घालायच्या हे हाताला कळावं लागतं. चुकलात तर साठच्या वेगाला स्टिअरिंग असं थरथरतं की पुन्हा घाटात जायचं नाव घेणार नाही. ब्रेकचं तर विचारूच नका. ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. हौस म्हणून शिकायची ही जागा नव्हे.

जुना पत्रा: नटबोल्ट, ब्रेकचं मान्य. पण गॅरेजवाले काय करतात ते सांगा ना! या गाडीतलं हरिकेन इंजिन एफ-हेड आहे. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि म्हणूनच ३बी चं बॉनेट एवढं उंच. आजच्या बहुतेक मिस्त्रींनी हे कधी उघडलेलंच नाही. ते पहिल्याच दिवशी म्हणतात, 'साहेब, डिझेल बसवू, टेन्शनच नाही.' तुम्ही हो म्हणालात की मूळ इंजिन भंगारात आणि कागदपत्रांचा घोळ तुमच्या गळ्यात. इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. गॅरेजला द्यायचीच असेल तर आधी प्रत्येक भागाचा फोटो, इंजिन आणि चासी नंबरासकट.

घाटमाथा: व्हिंटेज कशाला? ती पाटी लावून रोज फिरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. ताम्हिणीकरांना पावसात घाट चढायचाय. सरळ हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार जीप आणा.

जुना पत्रा: आणि मामांची गोठ्यातच ठेवू? डबवालीची जीप म्हणजे बऱ्याचदा नवा टब, दुसरंच इंजिन, हवे तसे टायर. छान दिसते, पण ती मामांची नाही.

नटबोल्ट: भावनेवर गाडी चालत नाही हो. जागा कुठेय? सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवलंत तर सेक्रेटरीच खाली येईल.

ताम्हिणीकर: गोठ्यातच उघडतोय. ब्रेकचं पटलं, ते काम मिस्त्रीकडे. टब पत्र्यावाल्याकडे, बोअरिंग लेथवर. पण इंजिन मीच काढणार, मीच बसवणार, आणि डिझेल नाही म्हणजे नाही. इंजिन उचलायला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) कोणाकडे आहे?

नटबोल्ट: माझ्याकडे. एक टनाचा. मत तेच आहे, पण गोठ्याच्या आढ्याला लटकवू नका, लोखंडी तिकाटणं करा.