रॅपलिंगचं हमीपत्र: सही घेतली की आयोजक सुटतो का? मदत हवी आहे

कातळवाट:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातून शनिवार-रविवारचे ट्रेक आणि पावसाळ्यात धबधब्याचं रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) घेतो. तुकडीत २० ते २५ जण, तीन प्रशिक्षक, माणशी १,५०० रुपये. सध्याचं हमीपत्र एका ग्रुपकडून दुसऱ्याकडे फिरत आमच्यापर्यंत आलेलं आहे. त्यातली मुख्य ओळ जशीच्या तशी देतो:

"मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत असून, आयोजकांच्या निष्काळजीपणामुळे घडलेल्या दुर्घटनेसह कोणत्याही दुर्घटनेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत. मी अथवा माझे वारस याबाबत कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही."

जाणकारांनी सांगावं. ही ओळ कितपत टिकते? १८ खालच्या मुलांसाठी पालकांची सही पुरते का? सही बसमध्ये घेतो, त्याऐवजी गूगल फॉर्म चालेल का? आणि विमा काढला तर हमीपत्राची गरज उरते का?

कलम_तेवीस:
तुमच्या ओळीचे दोन तुकडे करून बघा.

दुसरा तुकडा आधी, कारण तो सरळ बाद आहे. "न्यायालयात जाणार नाही" असा करार भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २८ नुसार रद्दबातल ठरतो. स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून घेतला तरी तेच. वारसांचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'तक्रारदारा'च्या व्याख्येतच मृत ग्राहकाचे वारस येतात.

पहिला तुकडा म्हणजे निष्काळजीपणाची माफी. पैसे घेऊन सेवा दिली की तुम्ही ग्राहक कायद्याखाली आलात, आणि ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाला इजा होते तो त्या कायद्यात 'सेवेतली त्रुटी' म्हणूनच मोजला आहे. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचा. पार्किंगच्या टोकनवर 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं, व्हॅलेच्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या नोकराच्या, ताब्यातली गाडी चोरीला गेली. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील अटीने झटकता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. खटला गाडीचा होता आणि ताब्यात दिलेल्या वस्तूचे नियम वेगळे असतात हे खरं. पण वकील तुमच्यासमोर हाच निकाल ठेवणार, आणि माणसाच्या जिवाला गाडीपेक्षा कमी संरक्षण आहे असं म्हणणं तुम्हाला जड जाईल.

शिवाय फौजदारी बाजू वेगळीच. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथे फिर्यादी सरकार असतं. सहभागीने तुम्हाला दिलेली माफी सरकारला बांधत नाही.

कातळवाट:
मग हमीपत्र घ्यायचंच कशाला? आणि शेवटी 'न्यायालयीन कक्षा पुणे' असंही लिहिलेलं आहे, त्याचा काही उपयोग?

कलम_तेवीस:
कक्षेच्या ओळीचा ग्राहक तक्रारीत फारसा उपयोग नाही. ग्राहक कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. नागपूरचा माणूस नागपुरातच तक्रार करेल. मुदत दोन वर्षं. कुठल्या पायरीच्या आयोगात जायचं हे भरलेल्या फीवरून ठरतं, म्हणून १,५०० रुपयांच्या सहलीची तक्रार जिल्हा आयोगातच येते. भरपाई मात्र फीच्या मापाने मोजत नाहीत.

हमीपत्र घ्यायचं ते पुरावा म्हणून. शेवाळलेल्या कातळावर पाय घसरणं, पाण्याचा जोर अचानक वाढणं, घोटा मुरगळणं, दोरावरून हात सोलवटणं हे धोके खेळातच आहेत. ते आधी सांगितले, समजावले आणि माणसाने समजून स्वीकारले हे दाखवता आलं, की 'माहीत असलेला धोका स्वखुशीने पत्करला' हा बचाव उभा राहतो. हृदयविकार, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया लपवली किंवा प्रशिक्षकाचं न ऐकता कोणी कड्याच्या टोकाला गेला, तर त्याच कागदामुळे जबाबदारीतला वाटा त्याच्याकडे जातो. न सांगितलेल्या धोक्याला आणि तुमच्या चुकीला हा कागद पुरत नाही.

म्हणून 'कोणत्याही दुर्घटनेस' हे शब्द आधी काढा. त्यातून काहीच कळत नाही. धोके एकेक करून, मराठीत, ठळक टाइपात लिहा.

दोरगाठ:
वकिली मुद्दे आले. चौकशी अधिकारी पहिल्यांदा काय बघतो ते लिहितो, कारण निष्काळजीपणा ठरतो तो तिथे.

अँकर, म्हणजे दोर ज्याला बांधतो तो आधार, दोन स्वतंत्र हवेत. एकाच झाडाला दोन स्लिंग (पट्ट्याचे फास) बांधल्या तर तो एकच अँकर. उतरायचा दोर वेगळा, सेफ्टीचा वेगळा, आणि सेफ्टी धरणारा माणूस दुसरं काम करत नाही. धबधब्यात मुख्य दोर सोडता येईल असाच बांधायचा, मुंटर-म्यूलसारखी भार असतानाही सोडता येणारी गाठ घालून. केस, ओढणी किंवा टीशर्टची कड डिसेंडरमध्ये (दोरावर उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात) अडकते, माणूस मधोमध लटकतो, वरून पाण्याचा मारा चालूच. दोर पक्क्या गाठीने बांधला असेल तर त्याला खाली सोडता येत नाही आणि तोंडावर पडणाऱ्या पाण्यात गुदमरायला फार वेळ लागत नाही. हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि तिला कुठलंही हमीपत्र वाचवणार नाही. खालच्या डोहात दोराचा ढीग पडू देऊ नका, पाय गुंततात. टोक पाण्याला जेमतेम लागेल एवढीच लांबी सोडा.

युरोपीय मानकांप्रमाणे दोर ईएन १८९१, हार्नेस (अंगावरचा पट्टा) ईएन १२२७७, हेल्मेट ईएन १२४९२. प्रत्येक दोराला क्रमांक द्या आणि वही ठेवा: खरेदीची तारीख, किती दिवस वापरला, तपासणी कोणी केली, कधी बाद केला. ही वही तुमच्या हमीपत्रापेक्षा जास्त कामाची आहे.

आणखी एक, जिल्हाधिकाऱ्यांनी धबधब्यावर बंदीचा आदेश काढलेला असेल तर त्या दिवशी तिथे जायचंच नाही. बंदी मोडून नेलं की बचावाला जागा फार थोडी राहते. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली नसेल तर तेही आधी करून घ्या.

कलम_तेवीस:
मुलांचं राहिलं. १८ खालच्याचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहोरीबीबीच्या खटल्यात ठरवून टाकलंय. पालकांच्या सहीला मर्यादा आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पालक अज्ञान (म्हणजे १८ खालच्या) मुलाला वैयक्तिक कराराने बांधू शकत नाही. पालकांची सही संमती, आजारांची माहिती आणि संपर्क यांसाठी जरूर घ्या, मुलाचा भरपाईचा हक्क तिने संपत नाही. दिवाणी दाव्याची मुदतही साधारणपणे मूल सज्ञान झाल्यावर मोजतात. मुलांना धबधब्याच्या रॅपलिंगला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गूगल फॉर्म चालतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मुळे. पण तो पैसे भरायच्या आधी दाखवा. पहाटे चारला बसमध्ये, फी भरून झाल्यावर, मोबाइलच्या उजेडात घेतलेली सही म्हणजे 'सही नाही तर परत जा' असा दबाव असतो. ईमेल नोंद होईल असा फॉर्म ठेवा, एका ग्रुपसाठी एकानेच सगळ्यांचा भरलेला फॉर्म घेऊ नका, आणि मजकूर बदलला की जुनी आवृत्ती तारखेसह जपून ठेवा.

पॉलिसीची_पानं:
विमा दोन प्रकारचा आणि दोन्ही लागतात. वैयक्तिक अपघात विमा सहभागीला पैसे देतो, चूक कोणाची हे न बघता. सार्वजनिक दायित्व विमा तुमच्यावर बसलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च उचलतो. साध्या अपघात पॉलिसीत साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात, तेव्हा 'धबधब्याचं रॅपलिंग' हे शब्द पॉलिसीत लेखी घालून घ्या, नुसतं 'ट्रेकिंग' चालणार नाही. दायित्व पॉलिसीत एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगळ्या असतात, दोन्ही बघा. अपघात झाला की कंपनीला लगेच लेखी कळवा. जखमीवर उपचार करा, घरच्यांशी माणुसकीने बोला, पण कंपनीला न विचारता 'आम्ही भरपाई देतो' असं लिहून देऊ नका. त्या एका मेसेजवर दावा अडकतो.

आणि हो, फॉर्ममध्ये खरी माहिती घेतलेली असली की विमा कंपनीशीही भांडण कमी होतं. म्हणून विमा असला तरी हमीपत्र लागतंच.

कातळवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. नवी ओळ अशी केली आहे: "वर दिलेले सात धोके मला मराठीत समजावून सांगितले आहेत व ते मी स्वीकारत आहे. माझ्या आजारांची माहिती खरी आहे. प्रशिक्षकांच्या सूचना मी पाळीन." निष्काळजीपणाचा आणि न्यायालयाचा उल्लेख काढून टाकला.

कलम_तेवीस:
ठीक आहे. 'सांगितले आहेत' याच्यापुढे कोणी आणि कधी सांगितले यासाठी जागा ठेवा, प्रशिक्षकाची सहीही तिथेच घ्या.