फ्रेंच ब्रेडचं वजन किती धरायचं?

पावपोळी: गार्लिक ब्रेडच्या कृतीत नुसतं '1 फ्रेंच ब्रेड' असं लिहिलंय. म्हणजे किती ग्रॅम? घरीच करायचा तर गोळा केवढा घ्यावा? ट्रे 40 सेंमीचा आहे.

आंबवण: कृती कुठली, ते आधी बघा. फ्रान्समधला नेहमीचा बगेट भाजून साधारण 250 ग्रॅमचा, लांबी 60 सेंमीच्या आसपास. त्याहून बारीक तो फिसेल, साधारण निम्म्या वजनाचा. अमेरिकी दुकानात 'फ्रेंच ब्रेड' म्हणून मिळतो तो रुंद आणि मऊ, 400 ते 450 ग्रॅमचा. कृती अमेरिकी असेल आणि तुम्ही एकच बगेट घेतलात, तर लोणी उरणारच.
बगेटचा 2 सेंमीचा काप जेमतेम 8 ग्रॅम भरतो.

चौकस: फ्रान्समध्ये वजनाचा कायदा आहे ना?

आंबवण: 1993 चा सरकारी आदेश आहे, पण 'पारंपरिक' ब्रेडमध्ये काय घालायचं याबद्दल, वजनाबद्दल नाही. पॅरिसच्या वार्षिक स्पर्धेत मात्र लांबी-वजन मापात नसेल तर बगेट चाखण्याआधीच बाद!

भट्टीवाला: भाजताना पाणी उडतं, हे विसरू नका. बगेट बारीक, म्हणून साल जास्त आणि घटही जास्त, जवळपास चौथा हिस्सा. 250 ग्रॅम हवा तर गोळा 340 चा. गोल, जाड पावात घट बरीच कमी.
तुमच्या ट्रेसाठी: मैदा 500, पाणी 325, मीठ 9, इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम. या पिठाचे चार गोळे, प्रत्येकी 210 च्या आसपास. भाजून 160 होतील. लांबी 36-37 सेंमीच ठेवा. 340 चा गोळा या ट्रेवर बसवलात तर तो जाड होतो, आतून ओलसर राहतो. 240 अंशांवर 20 मिनिटं, पहिली 8-10 मिनिटं वाफेत.

पावपोळी: 210 चा गोळा भाजून 185 भरला तर?

भट्टीवाला: कच्चा आहे. रंग बघून लवकर काढला असणार. गार होताना आतली ओल सालीत येते आणि तासाभरात साल चामट होते. शेवटची 5 मिनिटं आच 210 वर आणून दार किंचित उघडं ठेवा. आणि वजन गार झाल्यावरच करा. गरम पाव जाळीवरही थोडा हलका होतोच.

पावपोळी: म्हणजे अमेरिकी कृतीसाठी यातले तीन लागतील. कळलं.