अनुभव धागा: परसबागेत आपणच मिस्त्री, तर काय काय फसतं?

परसदारी ब्लॉक, हिरवळ, ठिबक स्वतः करणाऱ्यांसाठी हा धागा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जाणकारांनी लिहावं. आपबीती नको, माप, माल आणि फसण्याचं कारण तेवढं सांगा.

भुसावळहून
सगळ्यात जास्त फसतात ते पेव्हर ब्लॉक, आणि दोष काळ्या मातीचा. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर नुसती रेती पसरून ब्लॉक मांडले, की श्रावणात अंगणाला उंटाची पाठ येते. काळी माती किमान फूटभर काढा. त्यात मुरूम ४-४ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकत भरा. वर दीड इंच कच (खडीची बारीक चुरी), मग ब्लॉक. चालण्यापुरते ६० मिमी चालतात, गाडी उभी करायची तर ८० मिमी.
हिशोब: २०० चौरस फुटांवर ६ इंच मुरूम म्हणजे १ ब्रास (१०० घनफूट). ठोकल्यावर तो बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा. खड्डा फूटभर असेल तर दुप्पट. कडेला कर्ब (काठाचा उभा ब्लॉक) सिमेंटमध्ये पक्का हवा, नाहीतर कडेची ओळ सरकते आणि मागोमाग सगळं सैल होतं. काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती पूर्ण फुगलेलीही नसते, पूर्ण आकसलेलीही नसते.

धुळ्याहून
वरच्यात उताराची भर. १० फुटांना अडीच इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका भो, लेव्हल पाइप आणि दोरी लावा. तोही उतार ब्लॉकमध्ये काढायचा नाही, खालच्या मुरमातच काढायचा. कच कमी-जास्त करून उतार आणला, तर जाड थराकडचा भाग खचतो.

रावेरहून
केळी भिंतीला लागून लावतात, ते मुळातच चुकीचं. आळ्यातलं रोजचं पाणी पायाशी मुरतं. भिंतीच्या एका बाजूची माती ओली-फुगलेली, दुसऱ्या बाजूची कोरडी. कंपाउंडला तिरकी चीर पडते ती यामुळे. निदान ६ फूट सोडा. कडुनिंबाला त्याहून पुष्कळ जास्त, कारण तो उलटं करतो: पायाखालचा ओलावा ओढून माती आकसवतो.

चोपड्याहून
लॉनमध्ये लव्हाळा (गाठींतून फुटणारं तण) येतो तो भरावाच्या मातीतून. वरून उपटला की गाठ आतच राहते. माती पसरल्यावर लगेच गवत लावू नका. पंधरा-वीस दिवस पाणी देऊन लव्हाळा उगवू द्या, गाठींसकट खणून काढा, असं दोन-तीनदा करा. शिवाय पाण्याचा विचार आधीच हवा: उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी धरलं तरी २०० चौरस फुटांना जवळपास १५० लिटर लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात एवढं पाणी हिरवळीला घालायचं का, हा प्रश्न खरं तर पहिला.

जळगावहून
ठिबक: ड्रिपरवर (नळीवरचं थेंब सोडणारं तोंड) ४ लिटर ताशी लिहिलेलं असतं, पण ते साधारण १ किलो दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीच्या पाण्याला. गच्चीवरची टाकी ४ मीटरवर असेल तर साधा ड्रिपर अडीच लिटरच्या आसपास देतो. लोक तास-दीड तासाचा हिशोब धरतात आणि झाडं सुकतात. लिटरची बाटली लावून बघा: १५ मिनिटांत भरली तर ४ लिटर, २४ मिनिटं लागली तर अडीच. दाब-नियंत्रित ड्रिपर इतक्या कमी दाबावर नीट चालतही नाहीत. बोअरचं पाणी क्षारी असेल तर तोंडाशी पांढरा थर धरतो. फिल्टर आठवड्याला धुवा आणि १६ मिमी नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी वाहू द्या.

नंदुरबारहून
सगळीकडे काळी नाही, आमच्याकडे बरडही (मुरमाड, हलकी जमीन) आहे. तिथे २ फुटांचा खड्डा खणून त्यात नुसती काळी माती भरली, की पावसाळ्यात तो बादलीसारखा साठतो आणि आंबा-लिंबाची मुळं कुजतात. खड्डा आधी पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर पहारीने तळ फोडा. भरताना खणलेलाच मुरमाट निम्म्याने मिसळा, वर शेणखत.